काढून ठेवलेली मोहरी

टेलरच्या दुकानात तराजू कशाला, हे मला लोकांनी जन्मभर विचारलं. झाशीच्या सदर बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. पुढे मशीन, कातर, टेप, खडू. कोपऱ्यात कोळशाची इस्त्री, कारण आमच्याकडच्या विजेवर माझा कधी भरवसा नव्हता. आणि मागच्या खोलीत पडद्याआड एक लहानसा तराजू आणि मोहरीचा डबा. एकदा एका नव्या नवरीनं आत डोकावून विचारलं, 'आंटी जी, आप अचार भी डालती हैं?' मी म्हटलं, डालते हैं, पण ते ब्लाउजच्या आत घालायचं असतं. ती बिचारी दुसऱ्या दिवशी न कापलेलं कापड परत घेऊन गेली. माझी जीभ अशीच आहे. हात मात्र चांगला होता, हे माझं मीच सांगून टाकते, कारण दुकान आता भाचीच्या हातात आहे आणि तिला लेहेंग्यांपुढे दुसरं काही सुचत नाही.

मासिकाच्या ह्या अंकासाठी लिहिलेली पहिली दोन पानं मी भाचीला वाचून दाखवली. तिला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र दुसऱ्याच वाक्याला ती हिंदीत जाते. तरी मलाच म्हणाली, 'मावशी, नाप नको लिहू, माप लिही.' बघा, म्हणजे मला मराठी शिकवणार ती. आमचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इथे कारभार बघायला आले आणि इथलेच होऊन गेले. कपाटाला आम्ही अजून फडताळ म्हणतो आणि मापाला नाप म्हणतो. लिहिताना माप लिहीन, पण मधेच कुठे नाप आलं तर चालवून घ्या.

आता मोहरीचं सांगते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईचा ब्लाउज शिवणं हे वेगळं काम आहे, आणि मी ते ठरवून घेतलं नव्हतं. आमच्या शेजारी मिश्रा बहनजी राहायच्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा डावा स्तन काढला होता. शाळेत परत रुजू होताना त्यांनी एका मोज्यात कापूस कोंबला आणि तो ब्लाउजच्या आत ठेवला. कापसाला वजन नसतं, तो एका जागी राहत नाही. प्रार्थनेला हात जोडून उभ्या राहिल्या आणि मोजा सरकत सरकत गळ्यापाशी आला. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागल्या. मी म्हटलं, बहनजी, आधी पोटभर रडून घ्या, मग नाप घेते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. एका बाजूचं वजन गेलं की तो खांदा हळूहळू वर चढतो, दुसरा खाली येतो, मान कलते, पदर ठरत नाही आणि संध्याकाळी पाठ दुखते. म्हणजे नुसता आकार भरून भागत नव्हतं, वजनही भरायला हवं होतं. सिलिकॉनचे तयार मिळतात आणि चांगलेही असतात, पण त्या काळात ते झाशीत मिळत नव्हते, आणि आमच्या मे महिन्यात ते अंगाला चिकटवून फिरणं म्हणजे शिक्षाच. मी मलमलची दुहेरी पिशवी शिवली, बाहेरून कापूस आणि आत बाजरी. ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा केला, त्यात ती बसवली. बहनजी आरशासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, मग पदर सारखा करून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन बायका पाठवल्या.

बाजरीनं मात्र माझी फजिती केली. पावसाळ्यात तिच्यात किडे पडले. मोठ नावाच्या गावाहून बसनं येणारी एक बाई होती, तिला भर लग्नात ब्लाउजच्या आत काहीतरी चालतंय असं वाटलं. ती तडक बस पकडून दुकानात आली आणि तिनं मला जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही, पण एकूण बरोबर होतं. मग मी मोहरी घेतली. मोहरी बारीक, गुळगुळीत, अंगाला टोचत नाही, हलवली की पाण्यासारखी जागा घेते आणि तिला सहसा कीड लागत नाही. मोहरीच्या पहिल्या पिशवीचा शेवट मात्र माकडानं केला. बहनजींनी ती गच्चीवर उन्हात ठेवली होती. माकडानं उचलली, समोरच्या टाकीवर बसून फाडली, एक दाणा चावला आणि तोंड वेडंवाकडं करून सगळी मोहरी खाली गल्लीत उधळून दिली. बहनजींना त्यावर जितकं हसताना बघितलं तितकं मी त्यांना आजारपणाआधीही बघितलं नव्हतं.

माझी पद्धत सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. जखम पूर्ण भरल्याशिवाय आणि डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय मी टेप हातात घेत नसे. हुक पुढे, कारण त्या बाजूचा हात वर जात नाही. शिवण कुठेही व्रणावर येता कामा नये. त्या बाजूची बाही सैल, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या तर कधी कधी हात सुजतो. मऊरानीपूरच्या एका बाईनं मला हात दाखवत म्हटलं होतं, 'जिज्जी, जो हाथ तो हमाओ हैई नईंया.' म्हणजे हा हात माझा नाहीच. तिच्या दोन बाह्यांच्या घेरात चांगला फरक होता. मी तिच्या बांगड्या त्या हातातून उतरवायला लावल्या आणि तिला आधी इस्पितळात पाठवलं. बाही सैल करणं माझं काम, सूज कशी उतरवायची ते त्यांचं काम. ज्याचं त्यानं करावं.

आणि वजन ठरवायचं कसं? मागच्या खोलीत एक उंच आरसा होता. त्याच्यावर मी खांद्याच्या उंचीला एक लाल दोरा आडवा ताणून बांधला होता, वरखाली करता येईल असा. बाईनं डोळे मिटून सहज उभं राहायचं. मी पिशवीत चमच्याचमच्यानं मोहरी घालत जायची. दोन्ही खांदे दोऱ्याला लागले की थांबायचं. मग ती पिशवी तराजूत घालायची, म्हणजे धुण्याच्या दिवसासाठी तशीच दुसरी करता येते. तराजू एवढ्यासाठीच. मोहरी दरवर्षी दिवाळीच्या आधी बदलायची, त्यामुळे माझ्या ह्या बायका वर्षातून एकदा तरी आरशासमोर यायच्याच.

त्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मी कुणी सांगून ऐकली नव्हती. बहुतेकींची पिशवी वर्षागणिक जड होत जायची. शरीर भरत गेलं की उरलेली बाजूही भरते, मग तोल राखायला इकडेही जास्त मोहरी लागते. बायका म्हणायच्या, उपचार चालू असताना काही खाल्लं नाही तरी अंग फुगलं. मग पाळी बंद होते, कॅन्सरवरची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालते, सांधे आखडतात, हलणं कमी होतं. आणि घरचे? घरचे खाऊ घालतात. आपल्याकडे आजारी माणूस जाड झालं की सगळे म्हणतात, तब्येत सुधारली. कॅन्सर म्हणजे माणूस वाळत जाणार, हे सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं असतं की चढलेला प्रत्येक किलो त्यांना आशीर्वाद वाटतो.

हे मला रेखामुळे नीट कळलं, म्हणून तिचीच हकीकत सांगते.

रेखाचा नवरा शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. साताऱ्याकडची माणसं, बदलीवर आली आणि इथल्या वसाहतीत राहिली. घरात सासूबाई, इंदूताई, साधारण माझ्याच वयाच्या. रेखाचं ऑपरेशन ग्वाल्हेरला झालं तेव्हा ती पंचेचाळिशीच्या आतबाहेर होती. माझ्याकडे पहिल्यांदा आली ती इंदूताईंना घेऊन. डोक्यावर नुकते उगवलेले केस, चेहरा सुजल्यासारखा. मी माप घेताना इंदूताई बाजूला बसून मला सांगत होत्या की ही माझी सून नव्यानं जन्मली आहे, तेव्हा मी तिला बाळंतिणीसारखी सांभाळणार. मी म्हटलं, सांभाळा की. ऐकायला किती छान वाटतं.

पण त्यांनी ते अगदी शब्दशः धरलं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वरणावर साजूक तुपाची धार, सकाळी शिरा. घराबाहेर फिरणं बंद, वाकणं बंद, जड उचलणं बंद. बाळंतिणीचं खाणं सव्वा महिन्याचं असतं, इंदूताईंनी ते चार वर्षं चालवलं. बाळंतिणीला निदान मूल तरी पाजायचं असतं. दर शनिवारी संध्याकाळी त्या मीठमोहरीनं रेखाची दृष्ट काढायच्या, कुणाची नजर लागून सून वाळायला नको म्हणून. आणि दर दिवाळीला माझ्याकडे तिच्या पिशवीत मोहरी वाढायची. मी एकदा म्हटलं, रेखा, जरा डॉक्टरांना विचार गं, चमचे फार वाढायला लागले. ती हसून म्हणाली, वाढू द्या काकू, वाढतंय तोवर मी आहे.

ते ती थट्टेत म्हणत नव्हती. ग्वाल्हेरला उपचारांच्या वेळी तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई असायची. दर खेपेला ती आधीपेक्षा बारीक दिसायची. दोघींची चांगली गट्टी झाली होती, एकमेकींना लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या, मळमळ थांबावी म्हणून. एका खेपेला खाटेवर दुसरंच कुणी होतं. रेखानं तेव्हापासून मनात एक गणित करून ठेवलं, की बारीक होणं म्हणजे जाणं. सासूनं वाढलेला लाडू ती औषधासारखा खायची.

चौथ्या वर्षी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. साखर काठावर आहे, गुडघे कुरकुरायला लागलेत, रक्तदाब चढतोय. चढलेलं वजन म्हणजे ताकद नाही. हृदयाला, हाडांना, साखरेला, सगळ्यालाच ते जड जातं, आणि दुखणं परत येण्याचा धोकाही अशा वजनानं वाढतो, कमी होत नाही. उपाशी राहायचं नाही, रोज चालायचं, हाताचे व्यायाम सोडायचे नाहीत, ताटातलं तूपगोड आवरायचं. आणि निघताना त्या म्हणाल्या की काही न करता वजन उतरलं तर लगेच माझ्याकडे या, मेहनत करून उतरलं तर घाबरू नका, पण तपासणी दोन्ही वेळेला चुकवायची नाही. रेखानं मला हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं होतं. पुढे त्यातलं अर्धंच तिच्या लक्षात राहिलं.

गुडघ्यांनी तिला चालायला लावलं. स्टेशनवरचा पूल चढताना ती मध्येच बसली, आणि मागून येणाऱ्या म्हातारीनं 'उठ बेटी' म्हणून तिला हात दिला. ते तिला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती वसाहतीत पहाटे चालायला लागली, सासूबाई पूजेत असताना. लाडू पदराआड नेऊन फाटकावरच्या पहारेकऱ्याला द्यायची. सात-आठ महिन्यांत ती उतरली आणि पहारेकरी भरला. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. तिचा चेहरा निवळला होता, जिना चढून आली तरी धाप लागत नव्हती. मी म्हटलं, चल, आत ये, आता मोहरी काढू या.

ती हसायची थांबली. म्हणाली, ब्लाउज आतून आवळून द्या, पण बाहेरून आईंना कळू देऊ नका. आणि पिशव्यांना हात लावू नका.

मी तिला आरशासमोर उभी केली. पिशवी जुन्या वजनाची, शरीर नवं. पिशवीच्या बाजूचा खांदा दोऱ्याच्या चांगला खाली गेला होता आणि मान दुसरीकडे ओढली होती. ब्लाउजच्या शिवणीनं खांद्यावर लाल वळ उठला होता. मी विचारलं, मान दुखते ना? म्हणाली, दुखते. मग काढू या की, म्हणून मी पिशवीची शिवण उसवायला घेतली तर तिनं माझा हात धरला.

'काकू, मोहरी काढू नका. काढलीत की मला वाटेल, मी संपत चाललेय.'

मी कातर खाली ठेवली. विचारलं, ह्या वर्षीची तपासणी झाली का? तारीख उन्हाळ्यातच होऊन गेली होती. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं की डॉक्टर सुट्टीवर आहेत. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी वजन उतरलं तेव्हा आनंद झाला. नंतर जास्त उतरलं, शेजारणी विचारायला लागल्या, बरं नाही का, आणि तिला ती ग्वाल्हेरची खाट आठवायला लागली. चालल्यामुळे उतरलं की त्या दुखण्यामुळे, हे तिला कळेना. तपासलं आणि दुसरंच निघालं तर? न तपासलेलं बरं. निदान तोवर घर चालू राहतं.

 मला राग आला. इतकी मेहनत करून बाई बरी होत चाललीय आणि स्वतःलाच त्याची शिक्षा देतेय. मी तिच्या दोन्ही पिशव्या उचलून फडताळात ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली. तिला एक साधी, कापसाची, हलकी पिशवी दिली. म्हटलं, आवळलेला ब्लाउज घेऊन जा, पण ह्या पिशव्या तपासणी झाल्याशिवाय मिळणार नाहीत. मोहरी काढायची की नाही ते त्यानंतर ठरवू, तू नको म्हणालीस तर नाही काढणार.

'तुम्ही मला धमकी देताय काकू?'

'हो,' मी म्हटलं.

ती रागानं निघून गेली. मलाही नंतर चैन पडेना. रोज वाटायचं, आज येईल. ती आली नाही. एका दुपारी ऑटोतून इंदूताई उतरल्या, एकट्या. हिंदी फारशी येत नाही म्हणून त्या कधी एकट्या बाहेर पडत नसत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पाणीसुद्धा न घेता त्यांनी मला विचारलं की माझ्या सुनेच्या वस्तू तुम्ही कोणत्या अधिकारानं ठेवून घेतल्यात? घरी खांदा धरून बसते, पिशव्या काकूंकडे आहेत एवढंच सांगते.

रेखाचं गुपित मी सांगणं बरोबर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तिला ग्वाल्हेरला तपासायला घेऊन जा, आल्यावर वस्तू देते.

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम खाली बाकावर बसल्या. पदर तोंडाला लावला. मग जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही.

'म्हणजे तिला माहीत आहे होय? मला वाटलं, वाळत चाललीय ते फक्त मलाच दिसतंय.'

त्यांना ब्लाउज सैल झालेला केव्हाच दिसला होता. मनात तीच भीती आली होती. पण सुनेनं काही सांगितलं नाही, म्हणजे तिच्या लक्षात आलं नसेल, मग आपण कशाला जिवाला घोर लावायचा, असं म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. वरणातलं तूप वाढवलं होतं, शनिवारच्या जोडीनं मंगळवारीही दृष्ट काढायला लागल्या होत्या. एका घरात दोन बायका, एकीनं लाडू लपवायचे आणि दुसरीनं तूप वाढवायचं, आणि दोघींना भीती एकच. मी त्यांना पाणी दिलं. चालण्याचं आणि पहारेकऱ्याचं मी सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क रेखाचा होता.

पुढच्याच आठवड्यात दोघी गाडीनं ग्वाल्हेरला गेल्या. गाडीत रेखानं सासूला सगळं सांगितलं. इंदूताई म्हणे एवढंच म्हणाल्या, तरीच तो मेला पहारेकरी मला रोज दोन्ही हातांनी नमस्कार करतो.

तपासण्या झाल्या, दुसऱ्या स्तनाचा एक्स-रे फोटोही काढला. डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बघितले आणि सांगितलं की काही नाही, सगळं व्यवस्थित आहे, साखर खाली आली आहे, आणि उतरलेलं वजन हे हिच्या पायांनी उतरवलं आहे. तपासणी उशिरा केल्याबद्दल त्या रेखाला रागावल्याही. इंदूताईंनी आपल्या मोडक्या हिंदीत दोन-दोनदा विचारलं, 'ये सूख नहीं गयी ना?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूखी नहीं माँजी, हलकी हुई है. आता इतकं टिकवायचं, आणखी कमी करायच्या मागे लागायचं नाही, चालणं मात्र सोडायचं नाही. बाहेर आल्यावर इंदूताईंनी रेखाला विचारलं, मग आता मी तुला खायला काय करू? रेखा म्हणाली, भाकरी करा आई, आणि उद्यापासून माझ्याबरोबर चालायला या.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात आल्या. तपासणीचे कागद त्यांनी आधी माझ्यापुढे ठेवले. रेखा आत आली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'काढा.'

मी फडताळ उघडलं. पिशवीची शिवण उसवली, ती तिच्या खिशात बसवली आणि चमच्याचमच्यानं मोहरी काढत गेले. इंदूताई पडद्यापाशी स्टुलावर बसून बघत होत्या. प्रत्येक चमचा कागदावर पडताना रेखाच्या पापण्या हलायच्या, पण डोळे तिनं मिटलेलेच ठेवले. खांदा वर येत गेला. दोऱ्याला लागला तेव्हा मी म्हटलं, बघ आता. तिनं डोळे उघडले. मान सरळ, दोन्ही खांदे लाल दोऱ्याच्या रेषेत. तिनं मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून बघितली. मी पिशवी तराजूत घातली, शिवून टाकली, दुसरीही तशीच केली.

कागदावर मोहरीचा बऱ्यापैकी ढीग झाला होता. इंदूताईंनी विचारलं, हिचं काय करता? म्हटलं, टाकून देते, जुनी मोहरी परत वापरत नाही.

'मला द्या,' त्या म्हणाल्या. 'आणि मीठ आहे का थोडं?'

माझ्या जेवणाच्या डब्यात काकडीबरोबर मिठाची पुडी होती. ती दिली. त्यांनी मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली आणि उठल्या. रेखाच्या लक्षात आलं.

'आई, आता कशाला? डॉक्टर म्हणाल्या ना, मी वाळले नाही म्हणून.'

'वाळू नयेस म्हणून काढत होते इतकी वर्षं,' इंदूताई म्हणाल्या. 'आज छान दिसतेस म्हणून काढतेय. सरळ उभी राहा.'

ती सरळच उभी होती. इंदूताईंनी मूठ तिच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवली, तोंडानं पुटपुटत, आणि चूल शोधायला इकडेतिकडे बघितलं. मी कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडून पुढे केलं. मोहरी निखाऱ्यांवर पडली आणि जी तडतडायला लागली ती थांबेना. धुरानं आम्हा तिघींच्या डोळ्यांना पाणी आलं, किंवा धुराचं नुसतं नाव.

पडद्याबाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकानं घाबरून आवाज दिला, 'मास्टरनी जी, अंदर कुछ जल रहा है क्या?'

मी म्हटलं, 'हाँ बेटा. जलने दो.'